खाटेशेजारचा वर्ग : जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पूर्वपीठिका

जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा इतिहास सरकारी कागदावर थोडक्यात सांगता येतो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा शुभारंभ केला. मुंबई, नाशिक, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ यांच्याबरोबर त्या यादीत जालना होते. या दहा महाविद्यालयांमुळे राज्यात वैद्यकीय प्रवेशाच्या ९०० जागा वाढल्या. कार्यवृत्तात एवढी नोंद पुरते, या स्मरणिकेत पुरत नाही. महाविद्यालय नव्हते तेव्हाही या जिल्ह्यात माणसे आजारी पडत होती, बरी होत होती, दगावत होती आणि त्यांच्या खाटेशेजारी उभे राहून कुणीतरी कुणाला तरी काही शिकवत होते. महाविद्यालयाचा खरा आरंभ मला तिथे दिसतो. मी याच जिल्ह्यात जन्मलो, औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे घाटीत, शिकलो, तीन-साडेतीन दशके शासकीय महाविद्यालयांत औषधवैद्यकशास्त्र शिकवले आणि नोकरीच्या उत्तरार्धात रुग्णालयांचा कारभारही सांभाळला. त्या अनुभवाच्या आधाराने ही पूर्वपीठिका लिहीत आहे.

या परिसरातल्या रुग्णालयाची गोष्ट लढाईपासून सुरू होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनच्या बाजूला असई येथे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी भिडली. एकाच दुपारी वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले. मराठ्यांच्या बाजूचा संहारही भयंकर होता. इंग्रजी फौजेतल्या जखमींना पुढे अजिंठ्याला नेण्यात आले आणि तिथे त्यांच्यासाठी रुग्णालय थाटले गेले. पाश्चात्त्य वैद्यकाची या भागाशी झालेली पहिली मोठी ओळख ती हीच. आपल्या रानात पडलेला जखमी उपचारासाठी दुसरीकडे न्यायचा, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे. पुढची दोनशे वर्षे त्यात फार बदल झाला नाही.

१८२७ मध्ये जालन्याला छावणी वसली. छावणीबरोबर लष्करी डॉक्टर आले, पण त्यांचे काम फौजेपुरते होते. कुंडलिका नदीच्या काठचे गाव मात्र वैद्य, हकीम, हाडवैद्य आणि सुईणी यांच्यावर विसंबून होते. निजामाच्या राज्यात यूनानीला राजाश्रय असल्याने हकिमाचा मान मोठा होता. मला यातल्या सुईणींविषयी विशेष आदर आहे. त्यांचे शिक्षण कोणत्याही पुस्तकात नव्हते. सासूने सुनेला, मावशीने भाचीला हाताला धरून दिलेले ते ज्ञान होते. पुढे सरकारने त्यांना प्रशिक्षण देऊन हातात किट दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रावर इंटर्न म्हणून असताना मी त्यांच्यापैकी काहींना काम करताना पाहिले आहे. मूल आडवे आहे हे पोटावर हात ठेवून त्या ज्या खात्रीने सांगत, ती खात्री पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हातात यायला वर्षे लागतात.

नागरी वस्तीपर्यंत आधुनिक उपचार पोहोचवण्याचे श्रेय स्कॉटिश मिशनच्या परंपरेला द्यायला हवे. त्या परंपरेचे जालन्यातले मूळ पुरुष रेव्हरंड नारायण शेषाद्री. जन्माने ब्राह्मण असलेल्या शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचे धाकटे बंधू श्रीपत यांना हिंदू धर्मात परत घेण्यावरून त्या काळी मोठा वाद पेटला होता आणि बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतच्या बाजूने उभे राहून सनातन्यांचा रोष पत्करला होता. मराठी वाचकाला हे प्रकरण बहुधा तेवढ्यापुरतेच माहीत असते. थोरल्या भावाचे पुढचे आयुष्य जालन्यात गेले, हे आपल्याकडेही थोड्यांना ठाऊक आहे. त्यांनी इथे दलित समाजात काम केले आणि निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. त्यांनी रुजवलेल्या कामाच्या मागोमाग जालन्यात मिशन हॉस्पिटल उभे राहिले. मिशनच्या रुग्णालयांची एक पद्धत होती : हाताखाली येईल त्याला शिकवायचे. ड्रेसर, कंपाउंडर, परिचारिका तिथल्या तिथे घडवायच्या. महाराष्ट्रात प्रशिक्षित परिचारिकांच्या पहिल्या पिढ्या मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती कुटुंबांतून आल्या त्या यामुळेच. ज्या काळात घरंदाज म्हणवणारी घरे मुलीला परक्याची जखम धुऊ देत नव्हती, त्या काळात या मुलींनी रात्रपाळ्या केल्या. आपल्या महाविद्यालयाच्या पूर्वजांत मी त्यांना पहिल्या रांगेत बसवीन.

डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलाची वाट मात्र लांबची होती. निजामाच्या अमलात वैद्यकीय शिक्षण हैदराबादला होते आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर तिथल्या वैद्यकीय शिक्षणाचे माध्यमही उर्दू झाले. मराठीत विचार करणाऱ्या मुलाने उर्दूत शरीररचना शिकायची आणि पुन्हा मराठी रुग्णाशी बोलायला यायचे. तरी काही जण गेले, शिकले आणि परत येऊन दवाखाने थाटून बसले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले आणि आठ वर्षांनी, १९५६ मध्ये, औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. लोक त्याला घाटी म्हणतात. मराठवाड्यातले हे पहिले वैद्यकीय महाविद्यालय.

घाटी आणि जालना यांच्यामध्ये सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता आहे. माझ्या मते जालना जिल्ह्याचा वैद्यकीय इतिहास बराचसा या रस्त्यावर घडला. “घाटीला न्या” हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असे घर या जिल्ह्यात सापडणे कठीण. जालन्याच्या माणसाला ६० किलोमीटर आणि मंठा-परतूरकडच्या माणसाला शंभराहून जास्त. आधी बैलगाडी, मग एसटी, मग ट्रकच्या केबिनमध्ये, जीपमध्ये, अलीकडे १०८ च्या गाडीत. अडलेली बाळंतीण, फेफरे आलेला मुलगा, औषध प्यायलेला शेतकरी. त्यातले किती बदनापूरच्या अलीकडे आणि किती पलीकडे गेले याचा हिशेब कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही, कारण वाटेत गेलेल्या माणसाचा केस पेपर निघत नाही.

मी घाटीत विद्यार्थी होतो तो काळ १९७२ च्या दुष्काळाचा. वॉर्डात माझ्या जिल्ह्याकडची माणसे भेटत. जिल्हा तेव्हा औरंगाबादच होता, जालना हा त्याचा तालुका, पण बोलण्यावरून माणूस अंबडचा की भोकरदनचा हे कळे. आमचे शिक्षण त्यांच्या शरीरांवर झाले. त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून आम्ही झडपांचे आवाज ओळखायला शिकलो, त्यांच्या पोटाला हात लावून प्लीहा शोधली. सकाळच्या राउंडला सर विचारत, “याच्याशी बोललास का?” तपासलेस का, असे नव्हे. गावाचे नाव, पिण्याचे पाणी कुठले, खडी फोडायच्या कामावर होता का, सुकडी मिळते का, हे सगळे विचारून झाल्याशिवाय नाडीला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. आज मागे पाहताना वाटते, जालना जिल्ह्याने स्वतःचे महाविद्यालय नसताना दुसऱ्या गावच्या महाविद्यालयाला रुग्ण दिले आणि डॉक्टरांच्या पिढ्या घडवल्या. त्यातले परत जिल्ह्यात आले ते थोडे.

मराठवाड्यातली पुढची पायरी अंबाजोगाईला पडली. १९७४ मध्ये तिथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एका तालुक्याच्या गावी, खेड्यांच्या मध्यभागी वैद्यकीय महाविद्यालय चालू शकते, हे त्याने दाखवून दिले. त्याच्या उभारणीमागे डॉ. व्यंकटराव डावळे यांचे कर्तृत्व होते. माझ्या पिढीतल्या अनेकांना प्रशासन म्हणजे काय ते त्यांच्याकडे पाहून कळले. त्यानंतर १९८८ मध्ये नांदेड, २००२ मध्ये लातूर, २०२२ मध्ये धाराशिव, २०२३ मध्ये परभणी आणि २०२४ मध्ये हिंगोली व जालना. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला घाटीच्या स्थापनेपासून ६८ वर्षे लागली. विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राशी तुलना करून कडवट होण्याचा हा प्रसंग नाही. पण उशीर झाला हे या स्मरणिकेत लिहून ठेवले पाहिजे.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग घेऊन जालना जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे जिल्हाधिकारी आले, न्यायालय आले आणि जिल्हा रुग्णालय आले. लोकांच्या तोंडी ते सिव्हिल. जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे आपले सिव्हिल सर्जन, यांच्या कामाची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. सकाळी ओपीडी, मग शस्त्रक्रिया, मध्येच कोर्टाची साक्ष, अपंगत्वाच्या दाखल्यांची रांग, कुटुंबनियोजनाच्या शिबिरांचे उद्दिष्ट, मंत्र्यांच्या दौऱ्याला रुग्णवाहिका, रात्री मारामारीतले जखमी आणि पहाटे शवविच्छेदन. या धबडग्यात शिकवण्याला जागा नसते असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. सिव्हिलमध्ये शिकवणे होते, फक्त त्याला वेळापत्रक नव्हते. नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पहिली अपेंडिक्स कुणीतरी शेजारी उभे राहून करायला लावली. शवविच्छेदन करताना अहवालात काय लिहायचे आणि काय अजिबात गृहीत धरायचे नाही, हे कुणीतरी सांगितले. नव्याने लागलेल्या सिस्टरला जुन्या सिस्टरने सलाइन लावायला शिकवले आणि नातेवाइकांशी बोलायलाही.

या भागात कोणत्या आजारांवर शिकता येते, हे नव्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. माझ्या अध्यापनाचा मोठा भाग अशाच जिल्ह्यांच्या रुग्णांवर झाला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कापसाचा पट्टा म्हणजे कीटकनाशकांचा पट्टा. फवारणी करताना अंगावर उडालेले, किंवा कर्जाने, भांडणाने, निराशेने घोटलेले औषध हे आपल्या कॅज्युअल्टीचे रोजचे काम आहे. ऑरगॅनोफॉस्फरसच्या विषबाधेचा रुग्ण आला की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडाला फेस, छातीत घरघर, अंग घामाने थबथबलेले, नाडी मंद. अ‍ॅट्रोपिन द्यायचे हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ येते. किती द्यायचे आणि कधी थांबायचे, हे मात्र खाटेशेजारी बसल्याशिवाय येत नाही. दर काही मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी मोजायची, काख कोरडी झाली का ते हाताने पाहायचे. कमी पडले तर रुग्ण स्वतःच्याच स्रावात बुडतो. जास्त झाले तर ताप चढतो, बडबड सुरू होते आणि खाटेवरून उठून पळू लागतो. मी निवासी डॉक्टरांना पहिल्या रात्री खुर्ची घेऊन रुग्णाजवळ बसवीत असे. काहींना ती शिक्षा वाटे. सकाळपर्यंत त्यांना समजलेले असे की एका औषधाची मात्रा ठरवण्यात एक पूर्ण रात्र जाऊ शकते.

या रुग्णांत एक धोका दोन-तीन दिवसांनी येतो. सगळे जण निर्धास्त होतात, रुग्ण बोलू लागतो, नातेवाईक चहाला जातात आणि मग श्वासाचे स्नायू हळूहळू दुबळे पडतात. त्याची पहिली खूण साधी असते : माणसाला उशीवरून मान उचलता येत नाही. माझ्या वॉर्डात ही खूण डॉक्टरांआधी एका रात्रपाळीच्या सिस्टरने पकडली. पाणी पाजताना तिला दिसले की हा माणूस काल स्वतः मान उचलत होता, आज उचलत नाही. तिने धावत जाऊन हाउसमनला उठवले, वेळेत नळी पडली आणि तो माणूस काही दिवसांनी चालत घरी गेला. त्यानंतर त्या वॉर्डात औषध प्यायलेल्या प्रत्येकाला दर पाळीला “मान उचला” असे सांगायची प्रथा पडली. ती प्रथा सिस्टरांनी सुरू केली आणि त्यांनीच ती पुढच्या तुकड्यांना शिकवली. रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्याने अशा गोष्टींची नोंद घेतली पाहिजे, असे मला नेहमी वाटत आले. रजिस्टरमध्ये पाळीची बेरीज लिहिली जाते, पण पाळीत सापडलेली खूण लिहिली जात नाही.

विंचवाची गोष्ट तर थेट आपल्या जिल्ह्याची आहे. भोकरदनकडच्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर गरिबीतून शिकून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुले आणि धडधाकट माणसे मरत होती. बावस्कर रात्र रात्र रुग्णाजवळ बसले, रक्तदाब आणि नाडी लिहून ठेवत गेले, फुप्फुसांत पाणी होऊन माणूस कसा जातो हे त्यांनी टप्प्याटप्प्याने टिपले आणि ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले. पुण्यात एमडी करून ते पुन्हा महाडला गेले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत तिथे मृत्यू अगदी मोजके राहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मचरित्र आपल्या ग्रंथालयात असायलाच हवे. देहेडच्या मुलाने हे काम एका आडगावच्या आरोग्य केंद्रात, मोठ्या प्रयोगशाळेशिवाय केले. जालन्यातून वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी सांगेन.

क्षयरोगाबाबत आपल्याकडचा एक प्रश्न पुस्तकात सापडत नाही. “उचल घेतली का?” ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेले जोडपे दसरा-दिवाळीनंतर कोयत्याला जाणार, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, आणि पाडव्याच्या सुमारास परतणार. क्षयाचे औषध किमान सहा महिने सलग घ्यावे लागते. जून-जुलैत निदान झालेला माणूस उपचाराच्या मध्यावर गाव सोडतो. त्याला बरे वाटत असते, म्हणून औषध सुटते आणि परत येतो तेव्हा जंतू औषधाला जुमानत नाहीत. म्हणून फुप्फुसाच्या फोटोइतकाच उचलीचा प्रश्न महत्त्वाचा. घनसावंगी, अंबड, मंठा, परतूरकडच्या ओपीडीत तो विचारलाच पाहिजे. उसाच्या फडात गरोदर राहणाऱ्या, हिमोग्लोबिन खालावलेल्या बायांच्या बाबतीतही तेच. इकडे जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. तापलेल्या धातूने भाजलेले, यंत्रात बोटे गेलेले कामगार तिथून येतात. त्यातले बरेच परप्रांतीय असतात. त्यांच्याशी हिंदीत, भोजपुरीच्या आधाराने बोलावे लागते. हा सगळा अभ्यासक्रम आपल्या दारात आहे.

खाजगी आणि धर्मादाय संस्थांनीही या जिल्ह्यात काम केले. महिको या बियाणे कंपनीचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांसाठी देशभर ओळखल्या गेलेल्या या माणसाने जालन्यात श्री गणपती नेत्रालय उभे केले आणि मोतीबिंदूसाठी मुंबई-पुणे गाठण्याची गरज अनेकांपुरती संपवली. बदनापूर तालुक्यात वरूडी येथे नूर हॉस्पिटल आणि त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय आले. पुढे करोनाने सगळ्यांचीच परीक्षा घेतली. तिच्यातून जिल्ह्याला एक गोष्ट कळली : तपासणी, प्राणवायू आणि अतिदक्षता यांची सोय आपल्याकडे असायला हवी आणि ती चालवणारी माणसेही आपलीच असायला हवीत. महाविद्यालयाच्या मागणीला त्यानंतर वेगळा जोर आला.

आता नव्या संस्थेकडे येतो. अशा नव्या शासकीय महाविद्यालयांना सुरुवातीला सार्वजनिक आरोग्य विभागाचे जिल्हा रुग्णालय जोडले जाते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० जागांच्या महाविद्यालयाला किमान ४२० खाटांचे रुग्णालय लागते. इमारत, खाटा, प्रयोगशाळा, मृतदेह, ग्रंथालय या गोष्टी मोजता येतात आणि म्हणून त्यांची तपासणी होते. पण जिल्हा रुग्णालय जोडले जाऊन एका छताखाली दोन खाती आली की कामाच्या पद्धतीही दोन येतात. आरोग्य खात्याच्या माणसाला रांग संपवायची असते आणि वैद्यकीय शिक्षणाच्या माणसाला एका रुग्णापाशी थांबायचे असते. दोघांचेही बरोबर आहे. हे दोन वेग जुळवून घेणे हेच अधिष्ठात्याचे पहिल्या काही वर्षांतले खरे काम. मी स्वतः कारभार पाहताना एक नियम पाळला : इंडेंट, डेड स्टॉक, कंत्राटदाराची बिले, संपाच्या नोटिसा काहीही असो, सकाळचा एक तास वॉर्डात द्यायचा, आणि तो तास विद्यार्थ्यांसमोर द्यायचा. त्या तासात छताची गळती दिसते, सिस्टरची कमतरता दिसते, कोणता निवासी डॉक्टर दोन रात्री झोपलेला नाही हेही दिसते. खुर्चीत बसून आलेल्या अहवालात यातले काही नसते.

मोजता न येणारी गोष्ट म्हणजे शिक्षक टिकणे. एका महाविद्यालयात मी पाहिले आहे : निरीक्षणाची तारीख जवळ आली की दुसऱ्या गावचे अध्यापक तात्पुरत्या आदेशावर येत, हजेरीपटावर सह्या करत, निरीक्षक गेले की आपापल्या गावी परत जात. विद्यार्थ्यांना त्यांचे चेहरेही ओळखीचे होत नसत. कागदावर विभाग भरलेला आणि वॉर्डात राउंड घ्यायला कुणी नाही. या पद्धतीने मला आयुष्यभर जितका त्रास दिला तितका निधीच्या टंचाईनेही दिला नाही. उलट बाजूचे उदाहरण मिरजेचे आहे. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेला रुग्णालय सुरू केले आणि १८९७ मध्ये तिथेच वैद्यकीय शाळा काढली. १९२८ पर्यंत ते याच कामात राहिले. जवळजवळ चार दशके. मिरज आज दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, त्याचे मूळ त्या मुक्कामात आहे. त्यांच्याकडे शिकलेली माणसे दक्षिण महाराष्ट्रभर पसरली, कारण शिकवणारा हलला नव्हता. जालन्याला इमारतीइतकेच, किंबहुना जास्त, असे मुक्कामी शिक्षक हवेत. त्यांच्यासाठी राहायला धड घरे, मुलांना चांगल्या शाळा, जोडीदाराला काम आणि दर तीन वर्षांनी डोक्यावर न येणारी बदली यांची सोय शासनाने आणि शहराने मिळून करायला हवी. व्यापारी आणि उद्योजकांच्या या शहराला ते अशक्य नाही.

नव्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आला आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबे दिली जातात आणि पुढची काही वर्षे त्याने त्यांच्या घरी जाऊन आरोग्याची विचारपूस करायची असते. मला या कल्पनेचा मनापासून आनंद आहे. आमच्या वेळी “याच्याशी बोललास का?” हा सरांचा प्रश्न वॉर्डात यायचा, आता तो घराच्या ओसरीवर विचारला जाईल. पण ते खऱ्या अर्थाने व्हायला हवे. बसमधून उतरून चार अर्ज भरून परतणे म्हणजे दत्तक घेणे नव्हे. आपल्या विद्यार्थ्याच्या वहीत त्या घरातल्या म्हातारीचा रक्तदाब असावा, सुनेचे हिमोग्लोबिन असावे आणि “यंदा उचल घेतली” ही नोंदही असावी. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती, तालुके आठ. प्रत्येक तालुक्यातली काही गावे कायमची महाविद्यालयाला जोडली तर पाच-सहा वर्षांत या जिल्ह्याच्या आजारांची अशी माहिती हाती येईल, जी आजवर कुणाकडेच नव्हती.

शेवटी एक काम वाचकांवर सोपवतो. या पूर्वपीठिकेतले बरेचसे कागदावर कुठेच नाही. जुन्या सिव्हिलच्या काळातले फोटो, निवृत्त परिचारिकांच्या डायऱ्या, मिशनच्या दवाखान्यातली जुनी रजिस्टरे, हकिमांचे आणि वैद्यांचे हस्तलिखित नुस्खे, प्रशिक्षित सुईणींना मिळालेली प्रमाणपत्रे घरोघरी पेट्यांत पडून आहेत. ती रद्दीत जाण्याआधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे द्यावीत. मूळ कागद द्यायचे नसतील त्यांनी झेरॉक्स द्यावी, फोटोच्या मागे माणसांची नावे आणि साल लिहून द्यावे. ज्या निवृत्त सिस्टर, ड्रेसर, कंपाउंडर, वॉर्डबॉय आणि आया आजही आपल्यात आहेत त्यांची मनोगते ध्वनिमुद्रित करण्याचे काम सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या विद्यार्थ्यांना देता येईल. ध्वनिमुद्रण सुरू करताना पहिला प्रश्न त्यांना हाच विचारावा : तुम्ही हे काम कुणाकडून शिकलात, आणि पुढे कुणाला शिकवलेत?